परीक्षण, शुक्रवारच्या अंकासाठी

पुएब्ला, १९५१. रेफुहिओ आरिएता
टाइपरायटरवर बडवते:
बापाच्या आधी त्याची सावली जेवायला बसते,
इथे कॅमेऱ्याला मुजरा.
किल्ल्यांचा जुडगा वाजला की व्हायोलिनं चिडीचूप,
तेही अचूक.

शेवट मात्र भडक,
असं लिहून ती थांबते.
थोरली साखरेचं कपाट कुऱ्हाडीनं फोडते,
आणि साखर सांडतच राहते, सांडतच राहते.

काल ह्याच जागी
मागच्या रांगेतली एक म्हातारी
हळूच म्हणाली होती, "अजून."

रेफुहिओ 'भडक' खोडते.
वडील जाऊन नऊ वर्षं झाली,
तरी घरी कुणी पहिला घास घेत नाही
त्यांच्या खुर्चीकडे पाहिल्याशिवाय.

संपादकाला चाळीस ओळी हव्यात.
ती एकोणचाळिसावीवरच सही ठोकते,
आणि कॉफीत साखर घालते.
न मोजता.