विमान जाईपर्यंत

सहार गावठाणात नाताळच्या नाटकाची तालीम
क्रुसासमोरच्या अंगणात, रात्री साडेआठला,
आणि दर तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान.
इतकं खाली, की पोटावरचे दिवे मोजावेत.
आम्ही त्याच्यासाठी थांबायला शिकलोय,
लग्नात, मयतात, मिस्साच्या ऐन मध्यावर.
वाक्य तोंडात धरून ठेवायचं,
आवाज विरला की पुढे.

चोवीस वर्षं मी हे नाटक बसवते.
संवाद तेच. मेंढरं बदलतात.
यंदा गाब्रिएल म्हणजे किणींचा ऑस्बर्न, बारावी नापास,
पंखांखाली घामेजलेला.
तो म्हणतो, भिऊ नकोस, मरिये,
तू गर्भवती होशील आणि
विमान.

प्रिस्का उभी. सोळा वर्षांची,
आजीच्या लुगड्यातून कापलेली ओढणी डोक्यावर.
पुढचं वाक्य अख्ख्या गावठाणाला पाठ आहे,
पण ते अजून कुणी बोललेलं नाही.
ओसरीवर गोठ्यासाठी नाचणी पेरलेल्या ताटल्या,
माती नुसती ओली, कोंब नाही.
ऑस्बर्नचा हात वर, तसाच,
थरथरायला लागलेला.
आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं
की देवदूतही इथे ताटकळतो.
की ती ‘नको’ म्हणू शकते.
निरोप सांगून झालाय,
आता सगळा स्वर्ग
एका पोरीच्या तोंडाकडे बघतोय.

विमान गेलं.
‘आपल्या शब्दाप्रमाणे मला होवो,’
प्रिस्का जरा घाईनंच म्हणाली,
पुढचं यायच्या आत.

योसेफाला मी कधी संवाद दिला नाही.
शुभवर्तमानातच नाही, मी कुठून आणू?
हिलरी खिडक्या बसवतो, दुहेरी काचेच्या,
विमानं बाहेर ठेवणाऱ्या.
तोंडात स्क्रू धरायची सवय, त्यामुळे बोलणं कमीच.
काल मात्र विचारतो,
‘टीचर, ह्याला कळलं, त्या रात्री
झोप कशी लागली?’
म्हटलं, दमला असेल. सुतार माणूस.
‘नाय. तिला गुपचूप सोडायचं ठरवलं, बदनामी नको म्हणून.
ठरलं, म्हणून झोपला.
मग स्वप्न. म्हणजे चांगलं ठरवलेलं पण मोडायचं.’
थोडा थांबला. विमान नव्हतं तरी.
‘मरियेला जागेपणी सांगितलं. तिनं उलट प्रश्न पण केला.
ह्याला नुसतं स्वप्न.
स्वप्न तर तोंड धुतलं की जातं.’

तर यंदा योसेफ एवढंच करील:
चटईवरून उठेल
आणि तोंड न धुता
तिच्या दाराशी जाईल.
मी वहीत लिहून घेतलं.

माझ्याकडेही एकदा निरोप आला होता. पंख नव्हते.
अंधेरीच्या हॉस्पिटलातून, शेजारच्यांच्या फोनवर,
चुलतबहीण इर्मा. आवाज खोल गेलेला.
मुलगी झालीय, मी काही राहत नाही,
तू नेशील ना?
मी म्हटलं, विचारून सांगते.
कुणाला विचारायचं होतं?
घरात मी, आई, आणि आईला ऐकू येत नव्हतं.
चौथ्या दिवशी दुपटं घेऊन गेले.
कागद झाले होते. सही दुसऱ्या कुणाची.
फादर म्हणाले, ह्याला पाप म्हणत नाहीत, बाय.
नसतील म्हणत.
दुपटं अजून आहे. गोठ्यातल्या बाळाखाली
दरवर्षी तेच अंथरते.
विचारलं कुणी, तर म्हणते, जुनं होतं घरात.

‘टीचर,’ ऑस्बर्न पंख सोडवत म्हणाला,
‘चोवीसला नेमकं तेव्हा
विमान आलंच नाही तर?’

तरी थांब.
हात खाली घेऊ नकोस.
तिला वेळ दे.