दोघींना एकच घोडी

व्हिसावर लिहिलंय : इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
कराडला सासरे अजून समजतात
मी बहारीनमध्ये पेट्या दुरुस्त करतो, भाते-बिते.
मी सित्राला, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटात,
दाबाचे काटे शून्यावर आणतो.

वाद्य आलं ते उशिरा. आर्नेल
सेबूला कायमचा निघाला तेव्हा.
पस्तीस दिनार, वर फाटकी पिशवी.
म्हणाला, बेस आहे, पण आठ तारांचा,
घाबरू नकोस, सूर चारच आहेत.
प्रत्येक जाडीला खेटून एक बारकी,
एक सप्तक वर,
म्हशीच्या पाठीवर बगळा बसावा तशी.

दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता.
गुदैबियातल्या माझ्या खोलीत एसी रात्रंदिवस,
दार उघडलं की ओल्या फडक्यासारखी हवा तोंडावर.
लाकडाला कळतच नसावं आपण कुठल्या गावात आहोत.
आठ तारांच्या ओढीनं मान पुढे वाकलेली;
बाराव्या पडद्याशी तारेखालून
शंभर फिल्सचं नाणं सहज सरकलं.

अ‍ॅलन की घातली. पाव फेरा.
प्लांटात पहिल्या दिवशी शिकलेलं :
पाव फेरा, मग हात मागे. लाकडाला एक रात्र.
शुक्रवारी पाव. शनिवारी पाव.
तिसऱ्यांदा मानेतून टक्‌ असा आवाज आला
आणि मी आर्नेलच्या देवाला हात जोडले.

मान सरळ झाली तशी तार पडद्यांना घासून खरखरू लागली.
मिरजेच्या मामानं
तंबोऱ्याला हीच खरखर यावी म्हणून
घोडीवर सुती दोरा सरकवत अख्खी दुपार घालवली असती.
मी ती जावी म्हणून
उकिडवा बसून घोड्या केसाकेसानं उचलत राहिलो.

आणि मग खरी अडचण.
स्वस्तातला ब्रिज : तारा आठ, घोड्या चार.
एका घोडीवर दोघी, डबलसीट.
जाडीचं जुळवून घोडी मागे न्यावी
तर वरच्या पडद्यांवर बारकी उतरते.
बारकीसाठी पुढे घ्यावी
तर जाडी चढून बसते.
ट्यूनरचा दिवा हिरवा होतो, पण एकीपुरता.
माझ्या धंद्यात याला उत्तर नाही,
परवानगी आहे :
चूक मोजायची, निम्मी करायची,
दोघींत वाटायची,
खाली तारीख आणि सही.

वाजवायला बसलो तर बोटं रडली.
एका बोटाखाली दोन तारा,
एक दोरखंड, एक सुतळीचा धागा;
जरा कलतं दाबलं की धागा निसटतो.
पट्टी खाली मारली की जाडी आधी बोलते,
पापणीभरानं बारकी.
वर मारली की उलट.
जोमॉन ड्रम वाजवतो, त्याला हे ऐकूच येत नाही.
म्हणतो, चेट्टा, दोघी एकदमच वाजतात.
नाही वाजत.

प्रज्ञाचा फोन आला. तिच्याकडे साडेदहा, इथे आठ.
तिची भांडी झालेली, माझे बूट पायातच.
म्हणाली, ऐकव की एकदाची.
मी फोन उशीवर टेकवला, अ‍ॅम्प लावला,
सगळ्यात खालची जोडी मोकळी सोडली.
फ्रिजवरचा स्टीलचा पेला थरथरत कडेपर्यंत आला.
मी हातानं तारा धरल्या.
‘छान आहे,’ ती म्हणाली, ‘सतारीसारखं.
पण तू तर म्हणाला होतास आवाज जाड आहे म्हणून?’

फोनला खर्ज झेपत नाही.
तिच्यापर्यंत बारकी एकटीच पोचली होती.
‘आहे गं जाड,’ मी म्हणालो, आणि पुन्हा वाजवली,
फोन लाकडाला चिकटवून,
फोन छातीला चिकटवून.
‘हो, तेच,’ ती म्हणाली. ‘सतार.’

वर इद्रिसनं टाच आपटली, दोनदा.
त्याला फक्त जाडी ऐकू जाते.