उर्वरित जग

उर्कुयानं कॅमेऱ्यासमोर अकरा वेळा चहा ओतला.
अकराव्या वेळी खरंच रडली, कारण घरातलं दूध संपलं होतं.
सिनेमात तोच शॉट राहिला.

तिकडे कुठल्या तळ्याकाठी परीक्षक म्हणे उठून उभे राहिले.
एर्मेक बक्षीस घेऊन आला, लोकरी मोज्यात गुंडाळून.
विमानतळावर विचारलं, पितळ किती आहे यात?

मी नारीनच्या थिएटरचा मॅनेजर.
दोनशे चाळीस खुर्च्या, एकोणीस मोडक्या.
पॅरिसला लिहिलं, एक खेळ द्या,
म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय.

उत्तर अगदी सभ्य.
सोबत हक्कांचा तक्ता:
फ्रान्सला रकाना, जपानला रकाना,
बेल्जियमलासुद्धा.
सगळ्यात खाली ‘उर्वरित जग’,
विमानातल्या छोट्या पडद्यांसकट
एकरकमी विकलेलं.
म्हणजे हा डोंगर, ही नदी,
उर्कुयाची किटली
आणि मी.

नोव्हेंबरात एका रात्री एर्मेक आला,
खिशात पेन ड्राइव्ह.
म्हणाला, आधी दार लाव.
आम्ही नऊ जण, अंगावर कोट तसेच,
हीटर बंद, बाहेर आवाज नको म्हणून.

चहाचा शॉट आला.
तिच्या चेहऱ्यावरून, या कानापासून त्या कानापर्यंत,
करडी अक्षरं:
फक्त परीक्षकांसाठी. प्रदर्शनास मनाई.

ती पुढे झुकली, डोळे बारीक केले.
‘माझ्या कपाळावर काय लिहिलंय रे?’

तुझं नाव, मी म्हणालो.

‘एवढं लांब?’