शिसं

मकरपुऱ्याच्या फाटकाशी गाडी मंदावते
आणि वॉचमन सलाम करतो, रोज त्याच कोनात.
आत चार शेड, चार धंदे
आणि चेकवर एकच सही. माझी.
पहिल्यात व्हॉल्व्ह, दुसऱ्यात दुधाच्या टाक्या,
तिसऱ्यात विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर,
आणि चौथ्यात, म्हणजे खरं तर पहिल्यात,
कारण आजोबांनी सुरुवात तिथूनच केली,
बिडाची वजनं.
पाच किलो, दोन, एक, अर्धा.
मांडवीतल्या किराणा दुकानांत अजूनही
आमचं आडनाव उलटं पडलेलं असतं, गुळाच्या ढेपेशेजारी.

बँकेच्या माणसाने विचारलं,
"मॅडम, या चौघांचं आपसात नातं काय?"
मी म्हटलं, आडनाव.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

वीजमंडळ सहा महिने पैसे देत नाही
तेव्हा टाक्या इन्सुलेटरांचा पगार भरतात.
डेऱ्या ऑर्डर थांबवतात तेव्हा व्हॉल्व्ह.
एकाचा ताप दुसऱ्याने अंगावर काढायचा,
अहवालात आम्ही याला विविधता म्हणतो,
गुळगुळीत कागदावर, रंगीत.

विश्वामित्री चढली त्या ऑगस्टात
टाक्या तरंगत कुंपणापर्यंत गेल्या.
टेंडरच्या फायली तरंगल्या,
माझ्या केबिनची खुर्ची तरंगली.
भट्टीच्या ओट्यावर एक मगर दीड दिवस पडून होती,
कुणाशी काही बोलायचं नसल्यासारखी.
पाणी ओसरल्यावर फक्त वजनं
ठेवली तिथेच होती.
गंजलेली. पण तिथेच.

आणि तरी मार्चच्या मीटिंगमध्ये
शार्दूल पुण्याहून पडद्यावर म्हणाला,
चौथी शेड बंद कर, आत्या.
आता सगळे काटे बॅटरीवर चालतात.
तोट्याला फोटोफ्रेम लावू नकोस.
बरोबर होतं त्याचं.
बरोबर असण्याचा मला राग आला,
तेवढाच माझा विरोध. तो नोंदवला गेला नाही.

सांगायला मी स्वतः गेले.
भीखाभाई परमार उकिडवे बसून
वजनाच्या बुडातल्या भोकात शिसं ओतत होते.
एकोणचाळीस वर्षं मी हे पाहतेय,
विचारलं मात्र कधीच नव्हतं.
"बीड कधी बरोबर उतरत नाही, बेन," ते म्हणाले,
"म्हणून मुद्दाम थोडं हलकं ओतायचं.
कमी असलं की भरता येतं.
जास्त झालं तर कानस, आणि कानशीचा ओरखडा दिसतो."
मग शिशावर शिक्का, सरकारी माणसाचा.

मी घसा साफ केला.
ते म्हणाले, "सोमवारपासून माहीत आहे.
चहावाल्याने सांगितलं."

एकोणीस माणसं.
अकरा टाक्यांकडे गेली, पाच पैसे घेऊन घरी,
दोघांनी वकील केला, त्यांचंही चुकलं नाही.
भीखाभाईंना मी टाक्यांची जागा देऊ केली.
"तिथे काय करू?" म्हणाले. "सगळं पोकळ आहे."
आणि हसले,
आणि हात पुसायला चिंधी शोधत बराच वेळ राहिले,
चिंधी खांद्यावरच होती.

शेडच्या जागी आता पॅनेल बोर्डांची असेंब्ली आहे.
पांढरी फरशी, एसी, एप्रन घातलेल्या मुली.
धंदा बरा चाललाय. हे लिहायला हवं,
नाहीतर कविता ऐकणाऱ्याला वाटेल
मी रडत बसले. मी बसले नाही.
जूनमध्ये कर्जाचा हप्ता वेळेवर गेला,
तीन वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या लॉटमधलं एक वजन
माझ्या टेबलावर असतं, कागद उडू नयेत म्हणून.
एसीत कागद उडत नाहीत.

परवा भाचीच्या मुलीने ते दोन्ही हातांनी उचललं,
पोटाशी धरलं, विचारलं, "हे किती किलो आहे?"
वर ठळक लिहिलंय, दोन.
मी उलटं करून शिसं पाहिलं.
शिक्क्याची मुदत उलटून गेलीय.
म्हटलं, बाळ, कायद्याने आता
सांगता येत नाही.