वापसी

रावेरच्या बाजार समितीत फळ्यावर
रोज खडूनं लिहिले जायचे केळीचे भाव :
नवती. पिलबाग. कांदेबाग. वापसी.
मुराद तडवीचा बाप सावद्याच्या मालधक्क्यावर हमाल.
आम्ही दोघं अक्षरं शिकलो ती त्या चार शब्दांवर,
आणि कबड्डी, धक्क्यामागच्या काळ्या मातीत,
केळीचा चीक लागलेल्या बनियनवर.

तो डावा कोपरा. मी त्याच्या शेजारी.
साखळीत त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात.
त्याची नजर चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर,
माझी त्याच्या छातीवर, दम कुठे तुटतो ते बघत.
मी करंगळी दाबायचो.
एकदा : थांब.
दोनदा : आता.
लोक म्हणायचे, मुरादच्या अंगात येतं.

एरंडोलच्या सामन्यात, सहा हॅलोजनच्या उजेडात,
कुणीतरी वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.
फक्त त्याचं.

लीगची बोली आम्ही गुलाबच्या सलूनमध्ये पाहिली,
अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच उठून उभं.
आकडा चढत गेला. त्याचा बाप दारातून म्हणाला,
"हा भाव क्विंटलचा हाय का नगाचा?"
सगळे हसले.
तो खरंच विचारत होता.

मग टीव्हीवर माझ्या जागी सोनीपतचा एक उंच पोरगा.
त्याच्या हातात मुरादचा हात.
मी भुसावळच्या लोको शेडमध्ये, रात्रपाळीला,
मोबाईल डब्याला टेकवून बघायचो
आणि डब्याच्या कडीवर करंगळी दाबायचो.
कधी तो नेमका माझ्या दुसऱ्या दाबावर निघायचा.
कधी नाही.

सात मोसम.
स्लॅबचं घर झालं, बापाच्या पाठीवरचं ओझं उतरलं
(तरी तो धक्क्यावर जाऊन बसतोच),
खांदा दोनदा निखळला, गुडघा एकदा उघडून शिवला.
पाटण्याहून फोन करायचा :
"आज चमचाभर पाणी काढलं गुडघ्यातून."
आणि लगेच, "तिकडे वादळ झालं म्हणे?
कुणाकुणाच्या बागा आडव्या झाल्या?"

आठव्या बोलीत त्याचं नाव
अर्धा मिनिट पडद्यावर राहिलं.
कुणी हात वर केला नाही.
पुढचं नाव आलं.
गुलाबनं कात्री चालू ठेवली.

पॅसेंजरनं आला. खांद्यावर किटबॅग, तिच्यावर चार नंबर.
बापानं बॅग उतरवून घेतली, सवयीनं वजन जोखलं
आणि म्हणाला,
"वापसीलाबी गिऱ्हाईक असतं, पोरा. वेफरवाले नेतात."
मुराद इतका हसला
की त्याला फलाटावरच्या बाकावर बसावं लागलं.
बराच वेळ बसला.

काल संध्याकाळी धक्क्यामागे पोरं खेळत होती.
गुडघ्याला पट्टा बांधून तो डाव्या कोपऱ्यात उभा राहिला
आणि न बघता उजवा हात बाजूला धरला.
माझ्या हाताला ग्रीसचा वास. त्याच्या तळव्याला
कसलातरी मऊपणा, मॅटचा असावा.
सातवीतलं एक पोरगं दम घेत आत आलं.
मी दाबलं. एकदा.
तो निघाला.
पोरगं घोटा सोडवून मध्यरेषेपार, गुण घेऊन, नाचत.

मुराद मातीत पालथा. तोंडातली माती थुंकत म्हणाला,
"दोनदा नव्हतं का?"
"नव्हतं."
"बरं."
उठला. जागेवर गेला.
हात पुन्हा बाजूला.