वापरून बघायला आठ दिवस

नवी पेठेतला दुकानदार म्हणाला,
आठ दिवस वापरा, पटला तर पैसे द्या.
मालकांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला
आणि म्हणाले, "इराबत्तीबाई,
तुमच्या हातात टिकला तर कुठंही टिकेल."
हे कौतुक होतं का, ते अजून ठरलेलं नाही.

काळा, आटोपशीर, कोपरे झिजून गोल.
बेंगळुरूच्या कुठल्याशा ऑफिसातून
निवृत्त होऊन आलेला.
पॅकिंगच्या काट्यावर ठेवला:
एक किलो एकशे ऐंशी.
म्हणजे आपले तीस-साठचे दोन टॉवेल
आणि वर एक नॅपकिन.

नरसय्या मामांनी आधी झाकण चाचपलं.
बेचाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस,
स्क्रीनशी त्यांना काय घेणं.
अंगठा आणि दोन बोटं, डोळे मिटून,
काठापासून मधोमध.
"पोत बरा हाय," म्हणाले,
"बाणा चोरलेला नाय ह्यात कुणी."

सादिक जॉबरनं पंख्याला कान लावला.
"बेअरिंग ठीक. पण बाई, आपला कापूस खातोय बघा हा."
आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी
जाळीत एवढा कापूस, की वात वळली असती.
सादिकनं तळाचे सात स्क्रू काढले, फुंकर मारली,
पुन्हा बसवले. सातच्या सात.
(डिंकानं चिकटवलेला असता
तर तिथंच नापास केला असता मी.)

एप्रिलची दुपार, अक्कलकोट रोड,
पत्र्याखाली चव्वेचाळीस.
तो तापला. मीही तापले.
हॅम्बुर्गची पॅकिंग लिस्ट दोघांनी मिळून पुरी केली.

गुरुवारी कोनच्या खोक्यावरून पडला.
खरं तर मी पाडला, पदर अडकून.
उजव्या कोपऱ्याला पोचा आला, बाकी काही नाही.
बिजागरी अजून अशी घट्ट,
की उघडायला दोन हात लागतात.

मग लाइट गेली.
चोवीस माग एका दमात गप्प.
माणसं बाहेर कडुलिंबाखाली गेली, तंबाखू मळायला.
मी बसून राहिले, कारण ह्याचा उजेड चालूच होता.
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मला माझं टाइप करणं ऐकू आलं.
केवढं भरभर करते मी.
कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच उजेडात दिसलं:
सगळी अक्षरं शाबूत, रंगसुद्धा गेलेला नाही,
फक्त खोडायची कळ गुळगुळीत,
देवळाच्या पायरीसारखी मध्ये खोलगट.
कोण होता तो, किंवा ती?
काय लिहून काय खोडत होती
रोज, इतकी वर्षं?

त्या रात्री घरी आणला. परवानगी होती.
भाकरी आणि शेंगाचटणी शेजारी ठेवून
पगारवाढीचा अर्ज लिहायला घेतला.
'माननीय' लिहिलं, खोडलं.
'विनंती' लिहिलं, खोडलं.
बोट त्या खळग्यात बरोबर बसत होतं.
दीड वाजता बॅटरी एकवीस टक्के,
अर्ज चार ओळी.

आठव्या दिवशी कागद दिला:
बॅटरी पाच तास वीस मिनिटं.
स्क्रीन उन्हात दिसत नाही, गच्चीवर नेऊ नये.
पोचा माझ्या हातून.
आवाज कमी.
"बरं, पण टिकेल का?" मालक म्हणाले.
टिकेल, म्हटलं.
महिन्याला एकदा उघडून कापूस काढावा लागेल.
आतून कुणीतरी बघावं लागेल.

त्यांनी मान हलवली, चष्मा लावला,
दोन हातांनी झाकण उघडलं.

स्क्रीनच्या मधोमध एकच फाइल.
खोडायची राहिली होती म्हणा,
किंवा मी ती कळ
तेवढ्यापुरती कुणा दुसऱ्यासाठी ठेवली होती म्हणा.
बाहेर माग सुरू झाले.
मालक वाचत होते.