तेरावा महिना

बुताजिरात वर्षाचे महिने तेरा.
तेरावा जेमतेम पाच दिवसांचा.
आणि सुयाही तेरा,
दर अठ्ठावीस दिवसांनी एक,
कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या.
देगिफे शिंपी आहे. म्हणतो,
"सिस्टर, सुईला मी घाबरेन होय?"

तीन वर्षांपूर्वी सोडली होती त्यानं.
बरं वाटत होतं, म्हणून.
इतकं साधं कारण
की अस्कालेचला, त्याच्या बहिणीला,
अजून धड रागावता आलेलं नाही.

आधी झोप गेली.
मग त्यानं रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवला.
मग गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले,
आतून कुणी बोलू नये म्हणून.
पुढचं ती सांगत नाही.
दाराच्या खांबावर दोरानं घासल्याचा वण आहे,
तो मी पाहिलाय.

यंदा आम्ही कॉफीला बसलो.
इथे तीन पेले पितात.
पहिल्याला कुणी बोललं नाही.
दुसऱ्याला बाप म्हणाला, पाद्रीबुवांचं तीर्थ पुरे.
पाद्रीबुवा म्हणाले, तीर्थ घे, सुईही घे,
देव काय मोजायला बसलाय?
तिसऱ्याला देगिफेच बोलला:
दोन रात्री जागा दिसलो, तर हिला कळवा.
शेजारच्या पोरांनी खातची पानं दिली,
तर त्यांना माझ्यासमोर नको, मागे रागवा.
रेडिओ फिरवला, तर भांडू नका.
नुसतं विचारा, कोण बोलतंय?
आणि दोर
जाळा.

अस्कालेच उठली. चुलीत बराच वेळ धूर होता.

पण हात थरथरायचे.
औषधानं आवाज दबले, तशी बोटंही दबली.
दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक मारायचा,
आणि पोरं हसायची.
डॉक्टरांशी बोलून डोस उतरवला, हळूहळू,
पायरी चुकू नये अशा बेतानं.

आज तेराव्या महिन्याचा तिसरा दिवस.
दवाखान्याला सुट्टी, मोटरसायकल चिखलात,
तरी आले. तारीख म्हणजे तारीख.
सुई दिली. मग तो म्हणाला, थांबा.
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं,
एकदा चुकला,
दोनदा,
पोरं दारात गप्प.

मी विचारलं, आवाज?
"आहेत की," नजर सुईवरच ठेवून तो म्हणाला,
"पण पलीकडच्या गल्लीत.
तुमच्या पिशवीचा बंद उसवलाय. द्या इकडे."